वयात येण्याचं वय

आमच्या मीरा रोडला कावळे कमी आणि कबुतरं जास्त. एरवी ह्यात सांगण्यासारखं काही नाही. पण सर्वपित्री अमावास्येला भर दुपारी गच्चीवर पान ठेवून उभं राहायची वेळ आली, की ह्या गोष्टीचं महत्त्व कळतं. २०२५ साली सर्वपित्री २१ सप्टेंबरला, रविवारी आली होती. मावशीच्या बिल्डिंगच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत मी, मावशी आणि दादा असे तिघं उभे. समोर केळीच्या पानावर भात, वडे, खीर, भोपळ्याची भाजी. कबुतरं येत होती, भात टिपत होती, वड्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. आणि कावळा? त्याचा पत्ताच नाही!

"ह्यांना सवय नाही ना इकडची," मावशी म्हणाली. म्हणजे काकांना. काकांचं निम्मं आयुष्य गिरगावातल्या चाळीत गेलं. २००३ मध्ये तिथली दहा बाय बाराची खोली सोडून ह्या मंडळींनी मीरा रोडला वन बीएचके घेतला. तरी काका शेवटपर्यंत 'आमच्याकडे' म्हणाले, की ते गिरगाव समजायचं.

त्या दिवशी माझ्या मोबाइलमध्ये दोन महत्त्वाच्या गोष्टी होत्या. एक, संध्याकाळच्या शोचं तिकीट. दुसरी, ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या बहिणीचा बायोडेटा, फोटोसकट. मुलगी छान, नोकरी छान, घर भाईंदरला. दादासाठी एकदम सही! पितृपक्षात स्थळाचं बोलायचं नसतं, म्हणून दुसऱ्या दिवशी घट बसले की मावशीला फॉरवर्ड करायचा, असा माझा प्लॅन होता.

तो प्लॅन का बोंबलला, त्याची ही गोष्ट.

दादाचा प्रेमभंग

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. वय ४१. नोकरी मालाडला, आयटीत. स्वभावानं इतका गरीब, की विरार फास्टमध्ये मीरा रोडला उतरायला मिळालं नाही, तर वसईपर्यंत जाऊन परत येतो आणि वर "माझीच चूक" म्हणतो. लग्न झालेलं नाही. का नाही, ह्याचं उत्तर आमच्या घराण्यात लहान पोरालाही पाठ आहे. कॉलेजात एक मुलगी होती, तिनं ऐनवेळी दुसऱ्याशी लग्न केलं, तेव्हापासून दादा लग्नाचं नाव काढत नाही.

ही गोष्ट मी स्वतः किमान पन्नास जणांना सांगितली असेल. शिवाय दर वेळी थोडा मसाला घालून. त्या मुलीला मी गोरीपान केलं, डॉक्टर नवरा मिळवून दिला, न्यू जर्सीला पाठवून दिलं. तिला कुणी कधी पाहिलंय का, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता!

तर संध्याकाळी मावशीनं बांधून दिलेला वड्यांचा डबा पिशवीत टाकून मी सिनेमाला निघाले. घराजवळ सोयीचा शो नव्हता, त्यामुळे दहिसरचा नाका ओलांडावा लागला. सिनेमाचं नाव 'साबर बोंडं'. दोनच दिवसांपूर्वी, १९ सप्टेंबरला रिलीज झालेला. थिएटरात आम्ही मोजून एकोणीस जण. मी पॉपकॉर्न घेऊन ऐटीत बसले.

सुतकातला सिनेमा

गोष्ट थोडक्यात सांगते. आनंद हा मुंबईतला तिशीतला मुलगा, कॉल सेंटरमध्ये नोकरी करणारा. त्याचे वडील जातात. दहा दिवसांच्या दुखवट्यासाठी तो आईबरोबर गावी येतो. गावात नातेवाइकांची फौज. हे घाल, ते घालू नकोस, हे खा, ते खाऊ नकोस. आणि दुःखाचे दोन दिवस उलटतात न उलटतात तोच ठरलेला सवाल : "मग, लग्नाचं काय?" तिथेच त्याला लहानपणीचा दोस्त भेटतो, बाळ्या. शेती करणारा, गावातच राहिलेला. त्याच्याही मागे लग्नाचा लकडा लागलेला. दोघं शेतात भटकतात, झाडाखाली पडून राहतात, गप्पा मारतात, गप्प बसतात. हळूहळू आपल्या लक्षात येतं, की ही नुसती दोस्ती नाही.

बस, एवढंच. मारामारी नाही, कुणी कुणाला घराबाहेर काढत नाही, छाती पिटणं नाही. सिनेमाला पार्श्वसंगीतसुद्धा नाही. पाखरं, शेळ्या, भांड्यांचा आवाज आणि माणसांचे श्वास. कॅमेरा एका जागी बूड टेकून बसतो आणि समोर जे होईल ते बघतो, ओट्यावर बसलेल्या एखाद्या आजोबांसारखा.

सुरुवातीची पंधरा मिनिटं मला वाटलं, आपण चुकून डॉक्युमेंटरीला आलो. मग मात्र मजा यायला लागली. कारण ते नातेवाईक ओळखीचे होते हो! प्रेत उठून तासही होत नाही तोवर कुणाच्या मुलीचं जमलं आणि कुणाच्या जमिनीचं फिसकटलं ह्यावर बोलणारे. दुःखात असलेल्या माणसाला जेवणातल्या पथ्यांवर लेक्चर देणारे. थिएटरातली एकोणीस माणसं अधूनमधून चक्क हसत होती. आणि दुसऱ्याच मिनिटाला गप्प होत होती.

गप्प होण्याचं कारण म्हणजे आनंदची आई. ह्या पोराच्या आईला ठाऊक आहे. वडिलांनाही ठाऊक होतं. आपला मुलगा गे आहे हे दोघांनी आपापल्या परीनं समजून घेतलेलं आहे. पण गावाला काय सांगायचं? म्हणून नातेवाइकांसाठी एक गोष्ट तयार ठेवलेली. पोराचा प्रेमभंग झालाय, एका मुलीनं...

माझ्या तोंडातलं पॉपकॉर्न तोंडातच राहिलं.

शेवट आधी

'साबर बोंडं'चे लेखक-दिग्दर्शक आहेत रोहन परशुराम कानवडे. मुंबईच्या झोपडपट्टीतल्या एका खोलीत वाढलेले, वडील ड्रायव्हर. शिक्षण इंटिरिअर डिझाइनचं, सिनेमाच्या कुठल्याही शाळेत न गेलेले. ह्याआधी त्यांनी 'उ उषाचा' हा लघुपट केला होता, शेतमजुरी करणाऱ्या आणि शाळेतल्या बाईंकडून अक्षरं शिकता शिकता त्यांच्यात गुंतणाऱ्या एका बाईचा. स्वतःचे वडील गेल्यावर कानवडे गावी गेले, तेव्हा नातेवाइकांनी लग्नाचं टुमणं लावलं. तिथून ह्या सिनेमाचं बी पडलं. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात तो दाखवला गेला. त्या महोत्सवात पोचलेला हा पहिला मराठी सिनेमा. आणि पहिल्याच फटक्यात परदेशी कथापटांच्या विभागातलं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक! भूषण मनोज, सूरज सुमन आणि आईच्या कामात जयश्री जगताप. ह्या तिघांना बघून 'अॅक्टिंग' हा शब्द आठवतच नाही.

मराठीत हा विषय आधी आलाच नाही, असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये रंगमंचावर आलं, दोन मुलींमधल्या नात्याबद्दलचं. म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या जन्माआधी. अमोल पालेकरांचा 'थांग' आणि सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी, दोन्ही २००६ मधले. पण आठवून बघा. 'मित्राची गोष्ट'मधली मित्रा शेवटी जीव देते. 'थांग'मध्ये नवऱ्याचं खरं बायकोला कळतं आणि सगळा संसार ढवळून निघतो. 'कोबाल्ट ब्लू'मध्ये बहीणभाऊ एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडतात आणि तो दोघांनाही सोडून जातो. एकूण काय, तर मरण, फसवणूक नाहीतर ताटातूट. तिन्ही कलाकृती ताकदीच्या आहेत, वाद नाही. पण सतरा वर्षांच्या एखाद्या पोरानं हे वाचलं-पाहिलं, तर आपल्या वाट्याला पुढे काय येणार ह्याचा त्यानं काय अंदाज बांधायचा?

'साबर बोंडं'मध्ये मरण आहेच. पण ते पहिल्या रिळात उरकलेलं आहे. त्यानंतर आहे ते जगणं. शेवट मी सांगणार नाही. एवढंच सांगते, की थिएटरातून बाहेर पडताना एकोणीसपैकी कुणीही मान खाली घालून निघालं नाही.

उशिरा सुटलेली लोकल

वयात येण्याचे सिनेमे मराठीत कमी नाहीत. 'फँड्री', 'शाळा', 'टाइमपास'. सगळ्यांत नायक शाळकरी वयाचा. एक मुलगी दिसते, पोटात फुलपाखरं उडतात, मित्र चिडवतात, मार बसतो, हृदय तुटतं आणि पोरगा एकदम मोठा होतो. बरोबर आहे. ते वयच तसं.

पण ज्याच्या पोटातली फुलपाखरं वर्गातल्या मुलीला नाही, शेजारच्या बाकावरच्या मुलाला बघून उडतात, त्याचं काय? त्याला कुणी चिडवत नाही, कारण कुणाला सांगायचीच सोय नाही. चिठ्ठी नाही, कट्टा नाही, "वहिनी आली रे" म्हणणारे मित्र नाहीत. वय येतं आणि पुढे निघून जातं. वयात यायचं मात्र राहून जातं. म्हणून आनंद तिशीत पहिल्यांदा कुणाच्या खांद्यावर निवांत डोकं टेकवतो, तेव्हा तो थेट पंधरा वर्षांचा दिसतो. बाळ्या त्याच्यासाठी साबर बोंडं घेऊन येतो, ती निवडुंगाची लालचुटुक फळं. वरून काटेरी, हातात रुतणारी, आत गोड. ती खाणारे दोन दाढीवाले बाप्ये बघून शाळेच्या मधल्या सुट्टीतले आवळे-चिंचा आठवतात.

आता जरा हिशेब मांडू या. १९८४ मध्ये जन्मलेला एखादा मुलगा घ्या, माझ्या दादाच्या बॅचचा. तो २५ वर्षांचा असताना, जुलै २००९ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं, की दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीनं ठेवलेला संबंध हा गुन्हा नाही. तो २९ वर्षांचा असताना, डिसेंबर २०१३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. पुन्हा गुन्हेगार! ३४ वर्षांचा झाला तेव्हा, ६ सप्टेंबर २०१८ ला, त्याच न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी कलम ३७७ मधला हा भाग रद्द केला. आणि ३९ व्या वर्षी, १७ ऑक्टोबर २०२३ ला, त्याला कळलं, की लग्नाचा हक्क न्यायालय देऊ शकत नाही, ते संसदेचं काम. सांगा, ह्या माणसानं वयात नेमकं कधी यायचं होतं? सिग्नल मिळतो, गाडी हलते आणि दोन खांब पुढे जाऊन पुन्हा थांबते. भाईंदरच्या खाडीवर पावसाळ्यात अडकलेल्या लोकलमधल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

थोडं कामाचंही सांगते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं स्पष्ट केलं, की समलिंगी जोडीदारांना बँकेत जॉइंट अकाउंट उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कोणतीही आडकाठी नाही. लग्न नसलं, तरी पासबुकावर दोन नावं येऊ शकतात. तुमच्या ओळखीत कुणाला हे माहीत नसेल तर सांगून ठेवा.

दार कुठे आहे?

परदेशी सिनेमातल्या पोराला स्वतःची खोली असते. तो आत जाऊन धाडकन दार लावतो, भिंतीवर पोस्टर लावतो, उशीत तोंड खुपसून रडतो. आपल्याकडे? गिरगावच्या खोलीत सहा माणसं होती आणि दार एकच, तेही सकाळी सहाला उघडलं की रात्री अकराला बंद व्हायचं. मीरा रोडच्या वन बीएचकेत दारं वाढली खरी, पण बेडरूम आईबाबांची आणि मुलगा हॉलमध्ये, ही वाटणी आमच्या निम्म्या सेक्टरची. पंचविशीतला मुलगा फोनवर दोन शब्द बोलायला जिन्यात किंवा गच्चीवर जातो. समोरच्या काकू लगेच टिपतात.

'साबर बोंडं' बघताना हे फार जाणवलं. मुंबईतून गावात गेलेल्या ह्या मुलाला गावाच्या मोकळ्या रानात जेवढा एकांत मिळतो, तेवढा शहरातल्या घरात कधी मिळाला असेल, असं वाटत नाही. आपण उलटंच धरून चालतो. शहर म्हणजे मोकळीक आणि गाव म्हणजे कोंडी. बाळ्याची कोंडी गावात आहेच. त्याच्या वाट्याला आनंदसारखे आईबाप आलेले नाहीत. पण कोंडी नेमकी कुठे आहे, हे चौरस फुटांवरून कळत नाही. घरातल्या माणसांवरून कळतं.

डबा परत

रात्री साडेनऊला मी मावशीकडे पोचले. निमित्त डबा परत द्यायचं. दार उघडलं दादाच्या मित्रानं. हो, हे सांगायचं राहिलंच. २०१४ मध्ये नोकरी बदलली म्हणून दोन महिन्यांसाठी राहायला आलेला दादाचा एक मित्र अजून तिथेच आहे. मावशीच्या गोळ्यांच्या वेळा त्याला तोंडपाठ असतात. काकांच्या शेवटच्या आजारपणात रात्री हॉस्पिटलात तोच बसायचा. आम्ही सगळे त्याला 'दादाचा पार्टनर' म्हणतो, म्हणजे रूम पार्टनर. ह्या शब्दावर मी त्या रात्री पहिल्यांदा थबकले आणि मग स्वतःलाच दटावलं. एक सिनेमा बघून आले म्हणून मी कुणाच्या घरात टॉर्च घेऊन शिरणार नाही. दादाचं काय आहे, ते दादाला माहीत. त्याला वाटेल तेव्हा तो सांगेल, न वाटलं तर नाही सांगणार.

माझं काय आहे, ते मात्र मला कळलं होतं. न्यू जर्सीच्या त्या मुलीचा जन्म माझ्याच तोंडून झाला होता.

दादा आणि त्याचा मित्र खाली आइस्क्रीम आणायला गेले. मावशी ओट्याशी डबा धूत होती. मी म्हटलं, "मावशी, एक बायोडेटा होता दादासाठी. पाठवत नाही आता."

नळ चालू राहिला. मग तिनं विचारलं, "कुठला सिनेमा बघून आलीस?"

मी गोष्ट सांगितली. वडील, दहा दिवस, गाव, मित्र. निवडुंगाच्या फळांचं ऐकून ती खुदकन हसली. लहानपणी आजोळी खाल्ली होती म्हणे, दिवसभर ओठात कुसळं टोचत होती. आईनं नातेवाइकांना सांगितलेल्या प्रेमभंगाच्या गोष्टीवर मात्र ती काहीच बोलली नाही. डबा पुसून पालथा घातला.

मग म्हणाली, "तुला बाणगंगेवरचं आठवतं?"

आठवत होतं की! २०१९ मध्ये काकांच्या दहाव्याला आम्ही सगळे वाळकेश्वरला बाणगंगेवर होतो. पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. पाऊण तास झाला. गुरुजी दर्भाचा कावळा करायला निघाले. तेवढ्यात थोरले काका पुढे झाले आणि हात जोडून मोठ्यानं म्हणाले, "काळजी करू नकोस, तुझ्या पोराचं लग्न आम्ही लावून देऊ!" आणि झपकन कावळा आला. सगळ्यांच्या अंगावर काटा. तेव्हापासून दादाचं लग्न ही सगळ्या खानदानाची जबाबदारी झाली. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला कुणीतरी त्याला कोपऱ्यात घेऊन सांगायचं, "अरे, वडिलांना शब्द दिलाय आपण." ह्या 'कुणीतरी'मध्ये मीही होते.

"थोरल्या भाऊजींचं तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत," मावशी म्हणाली. "त्याच वेळी मीही मनात म्हटलं होतं, ह्याला कुणी छळणार नाही, मी आहे तोवर बघीन. कावळा त्यावर शिवला."

मी बघतच राहिले. सहा वर्षं ही बाई हे पोटात ठेवून, आमचे बायोडेटा घेऊन, "बघते हं" म्हणत होती.

"मग सांगितलं का नाहीस कुणाला?"

"कुणी विचारलं?" ती म्हणाली आणि ओट्यावरून फडकं फिरवायला लागली.

खालून लिफ्टचा आवाज आला. ते दोघं कसाटा की राजभोग ह्यावरून भांडत वर येत होते. मावशीनं पाच वाट्या काढल्या. मी म्हटलं, अगं, आपण चौघंच आहोत. तर म्हणाली, एक ह्यांची, दुपारी कावळ्यानं काही खाल्लं नाही.